एका गांधीलमाशीची दोन नावं

परभणीला एम.एस्सी. ॲग्री करत असताना मला विषय मिळाला तो कपाशीवरच्या पिठ्या ढेकणाच्या नैसर्गिक शत्रूंचा. मिळाला असंच म्हणायला हवं, कारण त्या वर्षांत कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याला दुसरं फारसं काही सुचवलंच जात नव्हतं. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, बोंडअळीवरच्या फवारण्या घटल्या, आणि काही वर्षांत आधी गुजरात, मग पंजाब-हरियाणातून एका नव्याच किडीच्या बातम्या यायला लागल्या. पाठोपाठ ती आपल्याकडेही दिसली. शेंड्यावर, पात्यांच्या देठाशी, पानांच्या शिरांवर पांढरी मेणचट भुकटी अंगावर घेऊन बसलेले मऊ ढेकूण, खालच्या पानांवर चिकटा, चिकट्यावर काळी बुरशी आणि या सगळ्यावरून मुंग्यांची ये-जा. लोक मोनोक्रोटोफॉस मारत, प्रोफेनोफॉस मारत, औषध अंगाला धरावं म्हणून पंपात धुण्याची पावडर टाकत. मेणामुळे औषध आत पोचायचं नाही. बांधावरच्या गाजरगवतावर मात्र कुणी फवारत नसे, आणि कीड पुन्हा तिथूनच शेतात उतरायची.

माझं काम त्या गाजरगवतापासून सुरू झालं. सर म्हणाले होते, "फवारलेल्या शेतात मित्रकीटकही मेलेलेच असणार. आधी बांध बघ, पडीक बघ, कुणाच्या अंगणातली जास्वंद बघ." त्याप्रमाणे मी गाजरगवत, आघाडा, पेटारी असं काय काय कापून कागदी पिशव्यांत भरून आणायची. पांढऱ्या ढेकणांच्या गर्दीत अधूनमधून काही ढेकूण वेगळे दिसत. पांढरी भुकटी विरळ झालेली, अंग तपकिरी, फुगलेलं आणि बोटाला कडक लागणारं. यांना आम्ही ममी म्हणतो. बारीक गांधीलमाशीची मादी ढेकणाच्या अंगात एक अंडं घालते, अंड्यातून निघालेली अळी ढेकणाला आतून खाते, ढेकूण मरतो आणि त्याची कातडी कडक होऊन तिचा कोष बनतो. साधारण दोन आठवड्यांनी ममीच्या एका टोकाला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. माशी म्हटलं तरी लांबी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. गांधीलमाशी म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं, त्याच्याशी हिचं काही देणंघेणं नाही. माणसाला ती चावत नाही की डसत नाही.

जिंतूर रस्त्याला एका शेतात मी ममी वेचत होते तेव्हा शेताचे मालक, सत्तरीचे काका, येऊन उभे राहिले. त्यांनी उपटलेल्या झाडांचा ढीग जाळायला रचला होता. मी म्हटलं, "काका, ह्यातले तपकिरी पडलेले ढेकूण जाळू नका."

"मेलेलेच हायेत की ते."

"त्यांच्या आत बारीक माशी आहे. ती बाहेर आली की बाकीच्या ढेकणांना मारते."

त्यांनी माझं भिंग घेऊन बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "ही माशी सोडली कुणी? युनिव्हर्सिटीनं?"

"कुणीच नाही सोडली."

"मग आली कुठून?"

हा प्रश्न माझ्या आराखड्यात नव्हता. ममी किती टक्के, कोणत्या महिन्यात जास्त, कोणत्या झाडावर जास्त, एवढंच मोजायचं होतं. पण काकांचा प्रश्न खरा होता, आणि ती माशी कोण हे ठरल्याशिवाय त्याला हातही घालता येत नव्हता.

ओळख पटवण्याचं काम सूक्ष्मदर्शकापाशी सुरू होतं असं बाहेरच्यांना वाटतं. ते सुरू होतं मेडिकलच्या दुकानात. औषध नसलेल्या, रिकाम्या जिलेटिनच्या कॅप्सूल मागितल्या की दुकानदार आधी माझ्याकडे आणि मग माझ्या ओळखपत्राकडे बघायचा. एका कॅप्सूलमध्ये एकच ममी घालायची, वर क्रमांक, आणि वहीत त्या क्रमांकापुढे गाव, झाड, तारीख. सगळ्या ममी एकाच बरणीत टाकल्या तर काम सोपं होतं, पण मग कोणती माशी कोणत्या ममीतून आली हे सांगता येत नाही. लेबल पेन्सिलने लिहायचं, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. प्रयोगशाळेतले मामा, ज्यांनी विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या पाहिल्या होत्या, ते रोज सकाळी कॅप्सूलचा ट्रे उचलून उजेडात धरत आणि मला हाक मारत, "तीन फुटल्या बघा."

हा एक-एक कॅप्सूलचा उपद्व्याप कशासाठी, ते लवकरच कळलं. काही ममींमधून जाडजूड काळी माशी निघत होती, तर काहींमधून अगदी वेगळ्याच बांध्याची, तिच्याहून लहान. दोघी ढेकणाच्याच ममीतून निघालेल्या, म्हणजे दोघी ढेकणाच्या शत्रू, असं कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात दुसरी निघाली प्रोम्युसिडिया अनफॅसिआटिव्हेंट्रिस. ती ढेकणाला मारतच नाही. ढेकणाच्या पोटात आधीच वाढत असलेल्या पहिल्या माशीच्या अळीवर ती जगते. शत्रूचा शत्रू तो मित्र हा हिशेब इथे आणखी एक पायरी खाली जातो आणि उलटतो. समजा, ममीतून निघालेल्या सगळ्या माश्या मित्र समजून कुणी बरणीत वाढवल्या आणि शेतात सोडल्या, तर तो शेतकऱ्याचं काम करणाऱ्या माशीचाच काटा काढेल. वर्गीकरण म्हणजे म्युझियमवाल्यांचा छंद, असं आमच्या विद्याशाखेतही म्हणणारे पुष्कळ होते. त्यांना मी हा ट्रे दाखवायची.

मोठ्या काळ्या माशीचं कुळ ओळखायला वेळ लागला नाही. कॅप्सूल उघडली की ती उडायच्या आधी उडी मारते. मधल्या पायाच्या नडगीच्या टोकाला लांब, जाड काटा असतो आणि छातीची बाजू एकसंध, फुगीर; आत उडीचे स्नायू असतात. पोटाच्या वरच्या बाजूला केसांचा झुपका असलेल्या दोन चकत्या असतात. इतर कुळांत त्या शेवटाकडे असतात, इथे त्या पुढे सरकलेल्या. ही एन्सिर्टिडी कुळाची लक्षणं. जगात या कुळाच्या साडेतीन हजारांहून जास्त प्रजातींची वर्णनं झालेली आहेत आणि पिठ्या ढेकूण, खवले कीड यांच्यावर जगणाऱ्या बऱ्याच उपयोगी माश्या याच कुळातल्या. तेव्हा एन्सिर्टिडी एवढं कळणं म्हणजे गावाचा जिल्हा कळणं. पत्ता अजून लांबच.

पुढचा पत्ता शोधायला आमच्याकडे होतं ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या मोहम्मद हयात यांचं २००६ चं 'इंडियन एन्सिर्टिडी' हे पुस्तक. भारतातल्या या कुळावर त्यांनी आयुष्य घातलं आहे. अशा पुस्तकात ओळखीची तालिका असते, आम्ही तिला नुसतं 'की' म्हणायचो. प्रत्येक पायरीला दोन पर्याय. शिंगिकेचा पहिला लांब भाग दंडगोल की चपटा? पंखातली शीर पंखाच्या कडेला किती अंतर चिकटून जाते? एक पर्याय निवडायचा, त्याने सांगितलेल्या क्रमांकावर जायचं, पुन्हा दोन पर्याय. चौथ्या पायरीवर डुलकी लागली तर विसाव्या पायरीवर तुम्ही भलत्याच जीनसमध्ये पोचलेले असता, आणि वाटेत कुठेही धोक्याची पाटी नसते. म्हणून सर 'की' उलटीही चालवायला लावायचे. पोचलेल्या जीनसचं पूर्ण वर्णन वाचायचं आणि एकेक ओळ माशीवर ताडून बघायची.

पूर्ण माशी कार्डावर चिकटवून बघितली तर बाहेरचे रंग आणि पृष्ठभाग दिसतात, पण मापं घ्यायला तिच्या काचपट्ट्या कराव्या लागतात. त्याचं शिक्षण मला एका ज्येष्ठ मॅडमनी दिलं. काडेपेटीच्या काडीला बसवलेली अतिबारीक टाचणी, हेच हत्यार. दोन्ही शिंगिका, पंख, डोकं, पोट वेगळं करायचं. पोटॅशच्या द्रावणात गरम करून आतला मऊ भाग विरघळवायचा, म्हणजे फक्त कवच उरतं. मग ॲसेटिक ॲसिड, चढत्या तीव्रतेचं अल्कोहोल, लवंगाचं तेल आणि शेवटी कॅनडा बाल्समच्या थेंबात मांडणी. लवंगाच्या तेलामुळे आमच्या खोलीला कायम दाताच्या दवाखान्याचा वास. मॅडम एका काचपट्टीवर चार-पाच वेगवेगळ्या झाकणकाचा ठेवायच्या, प्रत्येकीखाली एक अवयव. "सगळं एका काचेखाली दडपलंस तर शिंगिका पंखाखाली जाईल, आणि पन्नास वर्षांनी बघणारा तुला शिव्या देईल," असं त्या म्हणायच्या. पन्नास वर्षांनी आमच्या काचपट्ट्या कोण बघणार, असं तेव्हा मनात यायचं.

काळ्या माशीचं डोकं समोरून पाहिलं की खूण पटते. दोन डोळ्यांच्या मधला भाग खोल, गोल, एकाला एक लागून असलेल्या खळग्यांनी भरलेला असतो, शिवणकामाच्या अंगुस्तानावर असतात तसे. बांधा ठेंगणा आणि जाड. 'की' आणि वर्णन दोन्ही एकाच ठिकाणी येऊन थांबले: एनासियस. हे जीनस फ्रान्सिस वॉकर यांनी १८४६ मध्ये मांडलेलं.

आता प्रजाती. भारतातून एनासियस ॲडव्हेना ही प्रजाती आधीपासून माहीत होती, पण ती पट्टेरी पिठ्या ढेकणावर, म्हणजे फेरिसिया व्हर्गाटावर, जगणारी. आमचा ढेकूण दुसरा होता. पण ढेकूण वेगळा म्हणून माशी वेगळी, असा निष्कर्ष काढता येत नाही. काही माश्या एकाच ढेकणाशी बांधलेल्या असतात, काही नसतात. यजमानावरून नाव सुचतं, ठरत नाही. ठरतं ते शिंगिकेच्या मण्यांची लांबी रुंदीच्या किती पट, दोन डोळ्यांमधलं अंतर डोक्याच्या रुंदीच्या किती भाग, अंडी घालायची नळी मधल्या नडगीच्या मानाने किती लांब, अशा प्रमाणांवरून. नुसती लांबी कामाची नसते. मोठ्या ढेकणातून मोठी माशी निघते, लहान ढेकणातून लहान, आणि लहानातून निघणारे बहुतेक नर. लांबीवर गेलात तर एकाच आईच्या पोरांच्या तीन प्रजाती कराल.

हे चालू असतानाच सरांनी एका लेखाची झेरॉक्स हातात ठेवली. 'बायोसिस्टिमॅटिका'मध्ये २००९ साली आलेला हयात यांचाच लेख. २००८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्रातल्या शास्त्रज्ञांना कपाशीच्या याच पिठ्या ढेकणाच्या ममींतून एनासियस मिळाली होती, आणि हयात यांनी तिचं विज्ञानाला नवी प्रजाती म्हणून वर्णन केलं होतं. नाव एनासियस बंबावालेई, त्या केंद्राचे तेव्हाचे संचालक ओ. एम. बंबावाले यांच्यावरून. वर्णन, मापं, चित्रं, सगळं व्यवस्थित. मी माझ्या काचपट्ट्या लावल्या आणि नेत्रकाचेतल्या बारीक पट्टीने मोजत गेले. प्रमाणं जुळत होती. तरी आमचे नमुने तज्ज्ञाकडे पाठवले गेले, कारण एम.एस्सी.च्या पोरीने 'जुळतंय' म्हणणं आणि प्रजाती निश्चित होणं यात फरक आहे. उत्तर तेच आलं. प्रबंधात ते नाव गेलं. मराठी कानाला ओळखीचं आडनाव लॅटिन शेपटासकट वाचताना तोंडी परीक्षेला बसलेल्या बाहेरच्या परीक्षकांनाही हसू आलं होतं.

काकांच्या प्रश्नाचंही उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. माशी जगात दुसरीकडे कुठे नोंदलेली नाही, भारतात सापडली, म्हणजे बहुधा इथलीच असणार. ढेकूण मात्र परका. फिनाकॉकस सोलेनॉप्सिस हे त्याचं नाव. १८९८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत मुंग्यांच्या वारुळातून टिन्सले यांनी त्याचं वर्णन केलं होतं. या ढेकणाची ओळख तरी कुठे सरळ पटली होती? पाकिस्तानात त्याला कपाशीवरची नवी प्रजाती समजून वेगळं नावही दिलं गेलं. पुढे २००८ च्या एका सविस्तर लेखात दाखवलं गेलं की ऋतूप्रमाणे याच्या अंगावरच्या बारीक खुणा बदलतात, आणि त्या फरकामुळे गोंधळ होतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या पाहणीतून २००९ मध्ये स्पष्ट झालं की देशभरच्या कपाशीवर मुख्यतः हीच एक प्रजाती आहे. तर परका ढेकूण आणि इथली माशी, अशी मांडणी तयार झाली. इथल्या कुठल्यातरी ढेकणावर शांतपणे जगणारी माशी, समोर नवं, भरपूर अन्न आल्यावर त्याच्याकडे वळली. ऐकायला छान वाटणारी मांडणी. मी ती दोन-तीन चर्चासत्रांत सांगितलीही.

सर तेव्हा मला ट्रायकोग्रामाची गोष्ट सांगत. ट्रायकोकार्ड माहीत नसलेला ऊस-कपाशीवाला शेतकरी आज सापडणार नाही. अर्ध्या मिलिमीटरची ही माशी पतंगांच्या अंड्यांत अंडी घालते. आपल्याकडची सगळ्यात जास्त वापरली जाणारी प्रजाती कित्येक वर्षं ट्रायकोग्रामा ऑस्ट्रॅलिकम म्हणून ओळखली जायची. माद्या सगळ्या प्रजातींच्या दिसायला जवळजवळ सारख्या, रंगही तापमानाप्रमाणे बदलणारा. सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांनी बेंगळुरूत वेगवेगळ्या प्रजातींचे संकर करून पाहिले आणि १९७१ मध्ये दाखवून दिलं की भरवशाची खूण नराच्या जननेंद्रियाच्या रचनेत आहे. ते जगभर मान्य झालं. मग भारतातली ती माशी ऑस्ट्रॅलिकम नाहीच असं ठरलं. मधे तिला कन्फ्युझम हे नाव मिळालं, आणि ते नाव जिचं जुनं नाव चिलोनिस होतं त्याच प्रजातीचं निघालं. जपानच्या इशी यांनी १९४१ मध्ये दिलेलं हे चिलोनिस नाव आज आपल्या कार्डांवर असतं. कार्ड लावणाऱ्या शेतकऱ्याला यातलं काही कळलं नाही, त्याची गरजही नव्हती. पण दोन देशांतल्या प्रयोगांची तुलना करणाऱ्यांनी त्या काळात वेगवेगळ्या माश्या एक समजून आणि एकच माशी वेगवेगळी समजून किती कागद खर्च केला असेल, देव जाणे.

ट्रायकोग्रामा ऑस्ट्रॅलिकम हे नाव देणारा माणूस होता अलेक्झांडर आर्सेन गिरो. त्याच्याशी माझी गाठ पुन्हा पडायची होती.

२०१४ मध्ये मी एका कृषी महाविद्यालयात शिकवायला लागले होते. त्या वर्षी इराणमधल्या एन्सिर्टिडी माश्यांच्या नव्या नोंदींवरचा एक छोटा लेख आला. त्यात मांडलं होतं की एनासियस बंबावालेई आणि एनासियस ॲरिझोनेन्सिस या दोन नाहीत, एकच. ॲरिझोनेन्सिसचं वर्णन गिरोने १९१५ मध्ये केलं होतं. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे एकाच प्रजातीला दोन नावं असतील तर सर्वसाधारणपणे आधीचं टिकतं. म्हणून आता लिहायचं एनासियस ॲरिझोनेन्सिस, पुढे कंसात गिरो, १९१५. तो कंस शोभेचा नाही. लेखकाचं नाव कंसात असेल तर त्याने ती प्रजाती मुळात दुसऱ्या जीनसमध्ये ठेवली होती आणि नंतर कुणीतरी ती हलवली, असा त्याचा अर्थ.

गिरोबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हा अमेरिकन माणूस, जन्म १८८४ चा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला नोकरीला गेला, मधली काही वर्षं अमेरिकेत परतला, पुन्हा ऑस्ट्रेलियात जाऊन १९४१ मध्ये तिथेच वारला. त्याने या बारीक माश्यांच्या तीन हजारांहून जास्त प्रजातींची वर्णनं केली. एवढं काम एका माणसाने करणं थक्क करणारं आहे. ते ज्या पद्धतीने केलं त्याने पुढच्या पिढ्यांना घाम फोडला. वर्णनं कधी दोन-तीन ओळींची. बरीचशी पत्रकं स्वतःच्या खर्चाने छापलेली, मोजक्या लोकांकडे पोचलेली, त्यात मधेच वरिष्ठांवर टीका आणि कविता. एका सहकाऱ्याची, इलिंगवर्थची, टर उडवायला १९२० मध्ये त्याने 'शिलिंग्सवर्थिया' नावाचं जीनस काढलं, ज्यातला कीटक अस्तित्वातच नाही आणि गुरू ग्रहावरून आला आहे. क्वीन्सलंडमधल्या त्याच्या कित्येक काचपट्ट्यांवर अनेक माश्या एकाच काचेखाली चिरडलेल्या आहेत. मॅडमच्या 'पन्नास वर्षांनी शिव्या देईल' या वाक्याला एक विशिष्ट माणूस अभिप्रेत होता की काय, असं मला नंतर वाटलं. मला हा गिरो आवडत नाही. पण ॲरिझोनेन्सिस त्याने पाहिली होती, वेगळी म्हणून ओळखली होती, आणि नाव देऊन ठेवलं होतं, हे नाकारता येत नाही.

नाव बदललं तेव्हा विभागातल्या काहींनी कपाळाला हात लावला. पुन्हा बदल? तक्ते, पुस्तिका, प्रश्नपत्रिका, सगळीकडे जुनं नाव. एका सहकाऱ्याने तर २००९ चं वर्णन फुकट गेलं असंही म्हटलं. मला ते पटत नाही. नीट मापं आणि चित्रं असलेलं वर्णन समोर होतं म्हणूनच ही माशी पाकिस्तान, चीन, इराण असं ठिकठिकाणी भराभर ओळखता आली, आणि शेवटी जुन्या प्रजातीशी लावून बघता आली. त्रोटक वर्णनाशी त्रोटक वर्णन ताडलं असतं तर दोन्ही नावं आणखी शंभर वर्षं शेजारी-शेजारी नांदली असती.

खरा फरक पडला तो माझ्या छान मांडणीला. ॲरिझोनेन्सिस नावातच ॲरिझोना आहे. न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना ही लागून असलेली राज्यं. ढेकूण तिकडचा, माशीही तिकडची. म्हणजे इथल्या माशीने परक्या ढेकणाकडे वळण्याचा प्रश्नच उरत नाही. ढेकूण रोपांवर, फांद्यांवर, मालाबरोबर समुद्र ओलांडून आला आणि त्याच्याच पोटात बसून, किंवा थोडी नंतर दुसऱ्या ढेकणांच्या पोटातून, माशीही आली. कुणी परवानगी काढली नाही, कुणी विलगीकरणात ठेवून तपासली नाही. शास्त्रात याला योगायोगाने घडलेलं जैविक नियंत्रण म्हणतात.

पपईवरच्या पिठ्या ढेकणाचं याच्या नेमकं उलट झालं, आणि तेही त्याच काळात. पॅराकॉकस मार्जिनॅटस हा मेक्सिकोकडचा ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला सापडला, २०१० मध्ये पुण्याकडच्या पपईच्या बागा त्याने पांढऱ्या केल्या. त्याचे शत्रू आपोआप आले नाहीत. २०१० मध्ये पोर्टो रिकोहून तीन प्रजातींच्या माश्या कागदपत्रांसह बेंगळुरूला आणल्या गेल्या, तपासल्या, वाढवल्या, सोडल्या. त्यातली ॲसेरोफॅगस पपाये सगळ्यांत कामाची ठरली. तिथे आणायची कोणती हे ठरवतानाच नाव पक्कं असणं भाग होतं. ॲसेरोफॅगस पपायेचं वर्णन २००३ चं, म्हणजे गरज पडायच्या थोडंच आधीचं. वर्णन करणाऱ्यांनी ते केलं नसतं तर मागवायचं काय, हेच लिहिता आलं नसतं.

नंतर एकदा जिंतूरकडे जाताना मी काकांच्या शेतावर थांबले. आता शेत मुलगा बघतो, काका बांधावर खाट टाकून बसलेले. त्यांना माझी आठवण होती, प्रश्नाची नव्हती. मी आठवण करून दिली आणि सांगितलं, "काका, ती माशी अमेरिकेतली. ढेकूण तिकडून आला, त्याच्या पोटातून तीही आली."

ते हसले. "मंग आधी दोन साल कुटं होती? आमचा कापूस गेल्यावर आली व्हय?"

हाही प्रश्न बरोबरच होता. शत्रू आला तरी त्याला वाढायला खाणं भरपूर लागतं. ढेकूण आधी पसरतो, माशी त्याच्यामागून वाढते, आणि त्या मधल्या काळात सगळे जण दणकून फवारत असतात, त्यात माशी ढेकणाच्या आधी मरते, कारण तिच्या अंगावर मेण नाही. मी हे सांगितल्यावर मुलगा म्हणाला, "म्हंजे आमीच मारली." काकांनी त्याला, "तवा कुणाला म्हाईत होतं," एवढंच म्हटलं आणि चहा सांगितला.

महाविद्यालयाच्या संग्रहात माझ्या त्या वेळच्या माश्या टाचण्यांवर आहेत. नाव बदललं म्हणून जुनं लेबल काढायचं नसतं. त्याच्या खाली नवं लावायचं, त्यावर नवं नाव, ठरवणाऱ्याचं नाव आणि वर्ष. मी तसं केलं. साहित्य शोधताना विद्यार्थ्यांना दोन्ही नावं घालून शोधायला लावते, कारण २००९ ते २०१४ मधलं जवळजवळ सगळं काम जुन्या नावाखाली आहे आणि त्यानंतरही काही लोक तेच वापरत राहिले.

मागच्या वर्षी एका विद्यार्थ्याने प्रबंधाचा पहिला खर्डा आणला. पिठ्या ढेकणाच्या मित्रकीटकांचा लांबलचक तक्ता होता, आणि त्यात एनासियस बंबावालेई एका ओळीत, एनासियस ॲरिझोनेन्सिस दुसऱ्या ओळीत. वेगवेगळ्या लेखांतून उचललेलं. दोन्हींपुढे वेगवेगळे टक्केही लिहिलेले. मी त्याला पेटी उघडून टाचणीवरची दोन लेबलं दाखवली.

"मग मॅडम, एकच ओळ करू?"

"एकच. नाव ॲरिझोनेन्सिस, आणि जुनं नाव कुठल्या लेखात होतं ते प्रत्येक नोंदीपुढे लिही."

त्याने तक्त्यावर बोट फिरवत विचारलं, "आणि खालची ही प्रोम्युसिडिया?"

"ती या तक्त्यात नको. तिच्यासाठी वेगळा तक्ता कर."